पंप कोणता घ्यायचा? आधी दूध किती वेळा काढायचंय ते ठरवा

"ताई, अंगावरचं दूध काढायचा पंप कोणता घेऊ?" असं विचारणाऱ्या प्रत्येकीला मी आधी उलट विचारते: बाळ अंगावर पितंय का, आणि तू दिवसातनं किती वेळा दूध काढणार आहेस? या दोन उत्तरांवर बाकी सगळं ठरतं. कंपनी, किंमत, डिस्प्लेवरचे आकडे हे नंतरचं. माझी दोन्ही बाळंतपणं सांगलीतली. थोरला दिवस भरायच्या आधीच आला आणि मिरजेला एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, राहिला. धाकटीच्या वेळी सगळं सुरळीत झालं, पण रजा संपल्यावर तिला आईकडे ठेवून मला शाळेत जावं लागलं. एकदा पंपाशिवाय निभावलंच नसतं, दुसऱ्यांदा पहिले काही महिने त्याची गरजच पडली नाही.

बाळंतपणानंतरचे पहिले दोन-तीन दिवस

या दिवसांत पंप नकोच. येतो तो चीक. दाट, पिवळसर, थेंब-थेंब. पंप लावला तर तो फनेलला, म्हणजे छातीला लावायच्या कपाला, आणि बाटलीच्या तळाला चिकटून बसतो, बाळाच्या वाट्याला काही येत नाही. चीक हातानेच काढायचा. हात स्वच्छ धुवा. अंगठा वर आणि बोटं खाली अशी काळसर भागाच्या कडेवर ठेवा, आधी छातीकडे मागे दाबा, मग बोटं एकमेकांकडे आणा आणि सोडा. कातडीवरून बोटं घासायची नाहीत, बोंड ओढायचं नाही. एक मिनिटभर काहीच येत नाही, मग थेंब जमू लागतात. खाली उकळलेला स्टीलचा चमचा धरा. बाळ एनआयसीयूत असेल तर नर्स सिरिंज देतात. दोन मिलीलिटर निघालं तरी ते पोचवा. त्या वयात बाळाला तेवढंही मोलाचं असतं.

हाताने काढायची सवय पुढेही उपयोगी पडते. छाती दाटून दगडासारखी झाली आणि बाळाला तोंडात धरता येईना, तर थोडंसं हाताने काढून भाग मऊ करायचा आणि लगेच बाळाला लावायचं. इथे पंप मदत करण्यापेक्षा घोटाळा जास्त करतो. गाठ आली म्हणून पंप लावून सगळं रिकामं करत बसलं की शरीराला वाटतं मागणी वाढली, आणि दूध आणखी दाटतं. पूर्वी गाठ जोरात चोळून, शेकून काढायचा सल्ला मिळायचा. आता डॉक्टर जोरात चोळू नका म्हणतात, दोन पाजण्यांच्या मध्ये गार पट्टी ठेवायला सांगतात. सोबत ताप आला, छातीचा एक भाग लालबुंद झाला, तर लगेच दवाखाना गाठा.

हातपंप की विजेवरचा?

दिवसातनं एखाद्या वेळी काढायचं असेल, म्हणजे लग्नाला जायचंय, तपासणीसाठी दोन तास बाहेर राहायचंय, तर हातपंप पुरतो. देशी कंपन्यांचे हजाराच्या आगेमागे मिळतात. फिलिप्स किंवा मेडेलाचे त्याच्या दुप्पट-तिप्पट जातात. आवाज नाही, चार्जिंग नाही, आणि ओढ किती जोरात द्यायची ते तुमच्या हातात. शिवाय आपल्याकडची वीज. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचा पूर आला तेव्हा शहराचे कितीतरी भाग दिवसचे दिवस अंधारात होते. विजेवरचा पंप घेणाऱ्या बाईलाही मी म्हणेन की एक साधा हातपंप कपाटात असू दे.

त्याची मर्यादा मनगटात कळते. दिवसातनं तीन-चार वेळा दांडा दाबायचा म्हटलं की अंगठ्याच्या बुडाशी दुखायला लागतं. बाळंतिणीचं मनगट आधीच बाळ उचलून-उचलून दुखत असतं. म्हणून रोज दोनपेक्षा जास्त वेळा काढायचं असेल तर विजेवरचाच घ्या.

विजेवरच्यात खरी निवड एकेरी आणि दुहेरीत आहे. एकेरी देशी पंप साधारण दीड ते साडेतीन हजारांत येतो, दुहेरी त्याच्या वर. स्पेक्ट्रा किंवा मेडेलाच्या चांगल्या दुहेरी पंपांची किंमत पंधरा हजारांच्या पुढे जाते. दुहेरीत दोन्ही बाजूंचं दूध एकाच वेळी, पंधरा-वीस मिनिटांत निघतं, एकेरीत त्याला पाऊण तासाच्या जवळपास लागतो. घरी बसून काढणारीला हा फरक फारसा जाणवत नाही. मधली सुट्टी वीस मिनिटांची आणि डबाही त्यातच खायचा असेल तर मात्र दुहेरीला पर्याय नाही.

खोक्यावर "नऊ लेव्हल", "बारा लेव्हल" असे आकडे मोठ्या अक्षरांत असतात. त्यांना भुलू नका. दोन गोष्टी बघा. पहिली, सुरुवातीला भरभर-हलकी ओढ आणि मग सावकाश-खोल ओढ असे दोन मोड आहेत का. बाळ असंच पितं: आधी लुटुलुटु चोखून पान्हा आणतं, मग लांब घोट घेतं. दुसरी, दूध नळीतून मोटरपर्यंत जाऊ नये म्हणून मध्ये पडदा आहे का. असा पडदा असलेल्या पंपाला दुकानात 'क्लोज्ड सिस्टीम' म्हणतात. पडदा नसेल तर दुधाची वाफ नळीतून मोटरपर्यंत जाते, आत बुरशी धरते, आणि मोटर धुताही येत नाही. जाऊबाईंचा किंवा मैत्रिणीचा जुना पंप घेताना म्हणूनच मन घट्ट करा. प्रेमाने दिलेला असला तरी आतली मोटर उघडून बघता येत नाही.

बॅटरीचाही विचार करा. यूएसबीवर चालणारा पंप पॉवर बँकेवर चालतो. एसटीने तासगाव किंवा जतला नोकरीला जाणाऱ्यांना याचं महत्त्व सांगायला नको. काही मोठे पंप फक्त प्लगवर चालतात. ते घरी उत्तम, बाहेर निरुपयोगी.

बाळ एनआयसीयूत असेल तर हा सगळा हिशोब बाजूला ठेवा. तिथे बाळ पीत नसतं, त्यामुळे दूध टिकवायचं काम पूर्ण दूध काढण्यावर असतं, आधी हाताने आणि मग पंपाने: चोवीस तासांत निदान आठ वेळा, त्यातलं एकदा रात्री. पंप विकत आणायच्या आधी नर्सला विचारा, वॉर्डात मोठा पंप आहे का, आणि तो आईला वापरायला देतात का. नसेल तर हॉस्पिटलच्या दर्जाचा पंप भाड्याने मिळतो का बघा. तेही जमलं नाही तर दुहेरी पंप त्याच दिवशी घ्या, आठवड्यानं नको. दुधाचं प्रमाण पहिल्या दोन आठवड्यांतच बरंचसं ठरतं.

मोटरपेक्षा फनेल महत्त्वाचं

छातीला लावायच्या त्या पारदर्शक कपाला कोणी फनेल म्हणतं, कोणी फ्लँज. बहुतेक पंपांबरोबर २४ किंवा २८ मिलिमीटरचं एकच माप येतं. आपल्याकडच्या अनेक बायकांना ते मोठं होतं, आणि मग "मला दूधच नाही" असं ठरवून त्या पंप ठेवून देतात. दूध असतं, माप चुकलेलं असतं.

मोजायला शाळेची पट्टी पुरते. बोंडाच्या बुडाशी रुंदी मिलिमीटरमध्ये मोजायची, भोवतालचा काळसर भाग धरायचा नाही. त्याहून दोन-तीन मिलिमीटर मोठं फनेल हवं. दोन्ही बाजूंचं माप वेगळं निघू शकतं, दोन्हीकडे मोजा. पंप चालू असताना आत नीट बघा. बोंड नळीत मोकळं पुढे-मागे होतंय आणि काळसर भाग थोडासाच आत येतोय, तर माप बरोबर. काळसर भाग पुष्कळ आत ओढला जातोय, तर मोठं. बोंड कडेला घासतंय, नंतर पांढरं पडतंय, तर लहान. मोठ्या फनेलच्या आत बसवायच्या सिलिकॉनच्या रिंगा १५ ते २१ मिलिमीटरपर्यंत ऑनलाइन मिळतात. त्या घेऊन बघायच्या आधी नवा पंप घेऊ नका.

फनेलच्या खाली एक छोटा सिलिकॉनचा व्हॉल्व्ह असतो, पांढरा, चोचीसारखा. पंपाची ओढ कमी झाली की बायका मोटरला दोष देतात. तो व्हॉल्व्ह काढा, दोन बोटांत हलकेच दाबा आणि उजेडाकडे धरा. चोचीची फट नुसती ठेवली तरी उघडी दिसत असेल, किंवा टोकाला बारीक चीर गेली असेल, तर काम तिथेच अडलंय. ब्रशने घासून ती चीर पडते, तो नुसता बोटाने धुवायचा. रोज पंप वापरणारीने तो दोन-तीन महिन्यांनी बदलावाच. म्हणून खरेदी करताना विचारा: याचे सुटे व्हॉल्व्ह आणि फनेल मिळतात का? ज्याचे सुटे भाग मिळत नाहीत तो पंप स्वस्त असला तरी घेऊ नका.

ब्राच्या आत घालायचे वेअरेबल पंप आता पुष्कळ दिसतात. नळी नाही, वायर नाही, वरून ओढणी घेतली की कोणाला कळत नाही. पण बोंड बरोबर मध्ये बसलंय का ते नीट दिसत नाही, आणि वाकलं की सांडतं. दूध चांगलं स्थिरावलंय त्या आईने दुसरा पंप म्हणून घ्यावा, पहिला म्हणून नाही.

बाकी सामान

स्टरिलायझर घेऊ नका. पातेल्यात पाणी उकळून सुटे भाग दिवसातनं एकदा पाच मिनिटं ठेवले की झालं, नळी मात्र उकळायची नाही. प्रत्येक वापरानंतर गरम पाणी आणि साबणाने धुवायचे, पण बेसिनमध्ये टाकून नाही. त्यासाठी एक वेगळं भांडं ठेवा.

साठवायच्या पिशव्यांपेक्षा मला झाकणाच्या छोट्या स्टीलच्या डब्या बऱ्या वाटतात. उकळता येतात, वर्षानुवर्षं टिकतात. पिशवी एकदाच वापरायची असते, पण फ्रीजरमध्ये आडवी ठेवली की जागा कमी लागते, एवढा तिचा फायदा. दोन्हीवर तारीख आणि वेळ लिहा.

पंपाबरोबर फुकट येणाऱ्या निपलच्या बाटलीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ती दूध साठवायला वापरा, पाजायला वाटी-चमचा किंवा आजीच्या काळचं बोंडलं (चोचीचं छोटं भांडं) घ्या. बाळाला निपलची सवय लागली की अंगावर घ्यायला ते कुरकुरतं, आणि निपल स्वच्छ ठेवणं फार अवघड. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने दूध पाजायच्या बाटलीची जाहिरात करायलाच बंदी आहे, ती उगाच नाही.

कामाला जाणारीला बर्फाच्या पॅकची गार पिशवी लागतेच. काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं असं सांगतात, पण ते २५ अंशांपर्यंतच्या तापमानाला. एप्रिल-मेमधली सांगली चाळिशीला टेकते. तेव्हा काढल्याबरोबर पिशवीत टाका. गोठलेल्या पॅकसोबत ते चोवीस तास चांगलं राहतं. फ्रीजमध्ये चार दिवस, पण आतल्या बाजूला, दारात नाही. सिंगल डोअर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात मी दोन आठवड्यांपुढे ठेवणार नाही, त्याचं दार दिवसभर उघडतं.

किती लागेल? एक ते सहा महिन्यांचं बाळ दिवसाला साधारण पाऊण लिटर पितं, म्हणजे तासाला तीस मिलीच्या आसपास. नऊ तास बाहेर असाल तर तीनशे मिली मागे ठेवा. फ्रीजर भरून ठेवायची गरज नाही.

घरी जी सांभाळणार तिला आधी दाखवा

दूध म्हटलं की ते गॅसवर ठेवायचं, असाच आपल्या आई-सासूबाईंचा हात वळतो. अंगावरचं दूध उकळायचं नाही. कोमट पाण्याच्या वाटीत डबी ठेवायची, गारवा गेला की पुरे. मायक्रोवेव्ह तर नकोच. फ्रीजमध्ये राहिलेल्या दुधावर पिवळट साय वेगळी दिसते, ते नासलेलं नसतं, हलकेच हलवलं की मिसळतं. काहींच्या दुधाला साठवल्यावर साबणासारखा वास येतो. दुधातल्याच एका पाचक द्रव्यामुळे होतं ते, आणि बाळ पीत असेल तर ते देता येतं. हे आधी सांगितलं नाही, तर तुम्ही वीस मिनिटं बसून काढलेलं दूध मोरीत जाईल. पाजून उरलेलं मात्र दोन तासांनी टाकायचंच.

नोकरीवर परतताना

प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पगारी बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली, पण त्यातले आठ आधी घेतले तर परतताना बाळ चार महिन्यांचंच असतं. अशा आईने दुहेरी, बॅटरीवर चालणारा पंप घ्यावा, परतण्याच्या दोन आठवडे आधी घेऊन घरी सवय करावी, आणि फनेलचे दोन संच ठेवावेत म्हणजे कामावर धुवायची धावपळ नको. सहा महिन्यांनी परतणारीचं बाळ तोवर वरचं खायला लागतं. तिला बहुतेकदा एकेरी पंपही पुरतो. दुकानात, छोट्या दवाखान्यात काम करणाऱ्यांना रजाच कमी मिळते, आणि पंपाची गरज त्यांनाच सगळ्यात जास्त. त्यांच्या बहिणींनी, नणंदांनी बाळाला चांदीचा वाळा देण्यापेक्षा मिळून पंप द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेत बाळासाठी दोन जादा सुट्ट्या द्यायची तरतूद कायद्यात आहे. रुजू व्हायच्या आधीच मुख्याध्यापकांशी किंवा साहेबांशी बोला आणि आतून कडी लागणारी एक खोली मागून घ्या. संगणक कक्ष, रेकॉर्ड रूम, काहीही चालेल, पण संडास नाही. आणि खोलीत प्लगपॉइंट चालू आहे का, ते चार्जर लावून तिथल्या तिथे बघा.