आधी हर्निया की आधी टीबी?

पोटाचा क्षयरोग (टीबी) आणि त्यातच बेंबीपाशी किंवा जांघेत हर्निया, म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागेतून आतला भाग बाहेर येऊन झालेला फुगवटा. आधी कशाला हात घालायचा?

हर्निया सहज आत जात असेल, दुखत नसेल, तर माझा कौल आधी टीबीच्या गोळ्यांना. क्षयामुळे पोटात पाणी साठलं की आतला दाब वाढतो आणि फुगवटा मोठा होतो. अशा पोटावर घातलेले टाके ताणले जातात, जखमेतून पाणी झिरपतं, हर्निया उलटतो. शिवाय रुग्ण वाळलेला, रक्त कमी. जखम भरणार कशी? हर्नियाच्या जागी आधाराला बसवलेल्या जाळीत संसर्ग झाला तर तीही काढावी लागू शकते. साधारण 6 महिन्यांच्या उपचारात पाणी ओसरतं, वजन वाढतं. सरकारी केंद्रात ही औषधं मोफत मिळतात. डोस मात्र एकही चुकवू नका.

आधी शस्त्रक्रिया हा तातडीचा मार्ग. गाठ आत जाईना, कडक झाली, उलट्या सुरू, शौच-वारा बंद, तर थांबणं जिवावर बेततं. आतडं कापावं लागलं तर बहुधा जाळी टाळून टाक्यांवरच भागवतात. टीबीची औषधं सोडायची नाहीतच. कधी हर्नियाच्या पिशवीचा (बाहेर आलेल्या भागाभोवतीच्या पातळ आवरणाचा) तुकडा तपासल्यावरच क्षय उघड होतो, म्हणून संशयास्पद पिशवी तपासायला पाठवावीच.