हागीचा माचा बाउल: गळतो, पण परत करणार नाही

जपानला गेले होते तेव्हा यामागुची प्रांतातल्या हागी गावातून हाताने केलेला माचाचा, म्हणजे हिरव्या चहाची पावडर घुसळून पितात त्याचा, बाउल आणला, १४,००० येन, घेताना हात जरा थरथरलाच. पहिल्यांदा माचा केला आणि पाच मिनिटांनी उचलून बघते तर टेबलावर ओलं वर्तुळ. डोकंच फिरलं, एवढे पैसे घालून गळकं भांडं!

नंतर वाचल्यावर कळलं की हागीचं हे असंच असतं. माती जाडीभरडी, भाजल्यावरही सच्छिद्र राहते, आणि ग्लेझ (वरचा काचेसारखा थर) व माती थंड होताना सारखी आकसत नाहीत म्हणून वरती केसासारख्या चिरांची जाळी पडते. त्यातून चहा आत मुरतो आणि मुरत मुरत भोकं बुजतात, वापराने रंगही बदलतो, त्याला तिकडे 'हागीची सात रूपं' म्हणतात. सगळं खरं, पण दुकानदाराने विकताना एका शब्दाने सांगायला काय हरकत होती? एक स्टार त्याचाच कापला. उपाय सोपा निघाला, तांदळाच्या धुवणात बाउल मंद आचेवर उकळायचा आणि त्यातच गार होऊ द्यायचा, स्टार्च चिरांत बसतो. माझा आता जवळजवळ थांबलाय.

हागीच का, तर चहाच्या मंडळींची जुनी म्हण आहे, 'एक राकू, दोन हागी, तीन कारात्सू', म्हणजे चहाच्या बाउलांत पहिला मान राकूचा, मग हागी, मग कारात्सू. राकू म्हणजे क्योतोचे, चाक न वापरता हातानेच घडवलेले, ते माझ्या बजेटच्या बाहेर. हागीची परंपरा १६०० नंतरची, तिथल्या सरदार मोरी घराण्याने कोरियन कुंभारांना हागीत वसवलं तेव्हापासूनची, त्यामुळे आकारात कोरियन साधेपणा आहे, नक्षीबिक्षी काही नाही. फिकट जर्दाळू रंग, त्यावर दुधाळ ग्लेझ, आणि खालच्या बैठकीला मुद्दाम मारलेली एक खाच. आधी वाटलं टवका उडालाय.

वापरायला मात्र एक नंबर. तोंड साधारण १२ सेंमी, तळ गोलसर, त्यामुळे बांबूचा व्हिस्क कोपऱ्यात अडकत नाही आणि फेस पटकन येतो. याआधी मी कॉफीच्या मगात घुसळायचे, निम्मा माचा गुठळ्या होऊन तळाला आणि उरलेला माझ्या कुर्त्यावर. दोन ग्रॅम पावडर, ७० मिली पाणी, ८० डिग्रीच्या आसपास, बस. भिंत जाड असल्याने दोन्ही हातांत धरला तर चटका बसत नाही, नुसती ऊब लागते, आणि खरं सांगू, चवीपेक्षा मला तेच जास्त आवडतं. उन्हाळ्यासाठी पसरट बाउल वेगळे मिळतात, हा थंडीतच बरा वाटतो.

आता एक चूक माझी. धुऊन लगेच लाकडी डब्यात ठेवला, आठवड्याने उघडला तर कुबट वास, अगदी ओल्या गोणपाटासारखा. दोन-तीनदा उकळला, चार दिवस उघड्यावर वाळवला तेव्हा कुठे गेला. साबण लावत नाही, मायक्रोवेव्ह आणि डिशवॉशर तर विसराच, आणि माचा ओतण्याआधी पाच मिनिटं कोमट पाण्यात भिजवून घ्यायचा म्हणजे डाग एकदम खोल जात नाहीत.

एवढी बडदास्त जमणार नसेल तर सरळ पोर्सिलेनचा घ्या, माचा त्यातही छानच होतो. माझ्या बाउलच्या तळाशी आता हिरवट जाळी उमटायला लागलीय, रोज धुताना उजेडात धरून बघते किती वाढली ते.