सिस्टिम फोल्डरचा पत्ता: एनएसआयएस घ्यावं की इनो सेटअप?

एनएसआयएस आणि इनो सेटअप ही दोन्ही विंडोज प्रोग्रामचा सेटअप, म्हणजे इन्स्टॉलर, बनवायची टूल्स. लोहार चाळीतल्या एका विजेच्या सामानाच्या दुकानात आमचं बिलिंग सॉफ्टवेअर बसवलं. सेटअप विनातक्रार पार पडला, पण बिल छापायला गेलं की बारकोड प्रिंटरची डीएलएल (प्रोग्रामला लागणारी जोड-फाइल) सापडत नाही, असा एरर. एक्सप्लोररमध्ये बघावं तर फाइल सिस्टिम32 मध्ये समोर दिसतेय. काउंटरवर गिऱ्हाइकं खोळंबलेली, शेठ हाताने बिलं लिहितायत.

64 बिट विंडोजमध्ये फोल्डरांची नावं फसवी आहेत. सिस्टिम32 मध्ये 64 बिटच्या फाइली असतात आणि 32 बिटच्या सिसवाऊ64 मध्ये. शिवाय 32 बिट प्रोग्रामने सिस्टिम32 मागितलं, तर विंडोज त्याला परस्पर सिसवाऊ64 मध्ये नेतं; यालाच रिडायरेक्शन म्हणतात. आमचा प्रोग्राम 32 बिट आणि सेटअप 64 बिट मोडमध्ये, म्हणून फाइल ठेवली एकीकडे आणि शोधली गेली दुसरीकडे.

सेटअपच्या स्क्रिप्टमध्ये सी ड्राइव्हचा पत्ता थेट लिहायचा विचार सोडूनच द्या. विंडोज सी वरच असेल याची खात्री नसते, आणि वरचा घोळ त्याने सुटतही नाही.

एनएसआयएसमध्ये सिसडिर हा व्हेरिएबल मिळतो. नेहमीचा एनएसआयएस इन्स्टॉलर स्वतः 32 बिट असतो, त्यामुळे सिसडिर सिस्टिम32 म्हणत असला तरी 64 बिट मशिनवर फाइल सिसवाऊ64 मध्ये पडते. तुमची डीएलएल 32 बिटची असेल तर काहीच करावं लागत नाही. 64 बिटची असेल तर एक्स64 ची हेडर फाइल जोडून रिडायरेक्शन बंद करावं लागतं आणि काम झालं की आठवणीने परत चालू करावं लागतं. घाईच्या रिलीजमध्ये नेमकी हीच ओळ राहून जाते.

इनो सेटअपमध्ये सिस या स्थिरांकाचा अर्थ सेटअपच्या मोडवर ठरतो: 64 बिट मोडमध्ये खरा सिस्टिम32, नाहीतर 32 बिटचा फोल्डर. 64 बिट मोडमध्ये राहून एखादीच फाइल 32 बिटकडे पाठवायची, तर त्या ओळीवर 32बिट हा फ्लॅग लावा किंवा सरळ सिसवाऊ64 हा स्थिरांक वापरा. आमची चूक त्या एका फ्लॅगने सुटली. दोन्ही प्रकारच्या फाइली द्यायच्या असतील तर मी डोळे मिटून इनो घेईन, कारण कुठली फाइल कुठे जाणार हे त्या त्या ओळीतच वाचता येतं.

डीएलएल फक्त तुमच्याच प्रोग्रामला लागत असेल, तर ती प्रोग्रामच्या फोल्डरातच ठेवा. सिस्टिम फोल्डरला हात लावायची गरजच नाही.

काहीही निवडलंत तरी सेटअपनंतर सिसवाऊ64 मधला सीएमडी (कमांड प्रॉम्प्ट) उघडा आणि त्यातून सिस्टिम32 ची यादी काढा. 32 बिट प्रोग्रामला जे दिसतं, तेच तिथे दिसेल.