मॉडेल कारची बॉडी रंगवायची आहे: स्प्रे कॅन घ्यावा की एअरब्रश?

१/२४ मापाच्या, म्हणजे सुटे भाग जोडून खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढी गाडी बनवायच्या प्लास्टिक किटमध्ये इंजिन, सीट, चाकं नवख्या हातालाही जमून जातात. कस लागतो तो बॉडी रंगवताना. बघणाऱ्याची नजर आधी टपावरच्या चकाकीवर जाते, मग दारांच्या फटींवर, बाकी सगळं त्यानंतर. म्हणूनच दुसरं-तिसरं किट हातात आलं की प्रश्न पडतोच: कॅनवर भागवायचं, की एअरब्रश (हवेच्या दाबावर रंग फवारणारं पेनासारखं यंत्र) आणि कंप्रेसर घ्यायचा?

एक गैरसमज आधी काढून टाकू. एका रंगाची चकचकीत बॉडी हवी असेल, तर कॅनचा रंग एअरब्रशपेक्षा कमी दर्जाचा दिसत नाही. निर्णय ठरतो तो वर्षाला किती गाड्या करणार, कोणते रंग लागणार आणि कोल्हापुरातल्या कोणत्या महिन्यात रंगवायला बसणार, यावर.

कॅनची बाजू

कॅनचा मोठा फायदा म्हणजे रंग, थिनर आणि दाब यांचं प्रमाण कारखान्यातूनच जमवून येतं. तामियाचा टीएस मालिकेतला १०० मिलीचा कॅन हा लॅकर, म्हणजे थिनर उडून झटपट वाळणारा रंग आहे. एका १/२४ बॉडीला रंगाचा साधारण एक कॅन लागतो, वर टीएस-१३ क्लिअरचा (शेवटी द्यायच्या पारदर्शक चकचकीत थराचा) जवळजवळ एक. त्याच कंपनीच्या फाइन सरफेस प्रायमरचा १८० मिलीचा कॅन तीन बॉड्यांना पुरतो. दुकानात पीएस मालिका दिसली तर घेऊ नका. ती रिमोटच्या गाड्यांच्या पारदर्शक पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी असते, किटच्या पॉलिस्टायरीनसाठी नाही.

बॉडी भांड्याच्या साबणाने धुवायची, कारण साच्यातून सुटावी म्हणून लावलेला तेलकटपणा तिच्यावर असतो. साच्याच्या रेघा १००० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायच्या. मग स्क्राइबरने (फटी कोरायच्या टोकदार हत्याराने) दारं, बॉनेट आणि डिकीच्या फटी थोड्या खोल करायच्या. कॅन वापरणाऱ्याने ही पायरी चुकवूच नये. कॅनमधून रंग भरपूर येतो. प्रायमर, रंग आणि क्लिअर मिळून सात-आठ थर बसले की उथळ फट बुजते आणि दार बॉडीत विरघळल्यासारखं दिसतं.

फवारण्याआधी कॅन कोमट पाण्यात पाच मिनिटं उभा ठेवा. पाणी हाताला सोसवेल इतकंच, ४० अंशांच्या आसपास. त्याने दाब वाढतो आणि थेंब बारीक पडतात. उकळतं पाणी किंवा गॅसची आच अजिबात नको, कॅन फुटतो. मग मिनिटभर हलवून घ्या. अंतर २० ते २५ सेंटिमीटर. फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करून पलीकडे बाहेरच थांबवायचा. पहिला थर नुसता शिंतोड्यांचा, खालचं प्लास्टिक दिसत राहिलं तरी चालेल. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा जरा भरीव, तिसरा ओला. बंपरखालची बाजू, खिडक्यांच्या कडा आणि मडगार्डच्या कमानी आधी उरकायच्या, टप आणि बॉनेट शेवटी. उलट केलं तर कडांवर मारलेल्या रंगाचा कोरडा धुरळा टपावर बसतो. ओघळ येतात ते बहुतेक दारांच्या खालच्या कडेला आणि वायपरजवळच्या खोलगट भागात. ओघळ आलाच तर ओला असताना बोट लावू नये. दोन दिवस वाळू द्यावा, १५०० च्या पेपरने पाणी लावून सपाट करावा आणि पुन्हा फवारावं.

हार्डवेअरच्या दुकानात ग्रिल आणि दुचाकीसाठी मिळणारे ४०० मिलीचे कॅन स्वस्त पडतात. त्यांचं थिनर जहाल असतं. उघड्या पॉलिस्टायरीनवर पडलं की पृष्ठभागावर बारीक भेगांचं जाळं उमटतं, आणि ते कितीही घासलं तरी पूर्ण जात नाही. पूर्ण वाळलेल्या प्रायमरवर अगदी हलके थर देऊन ते वापरता येतात, पण आधी त्याच किटच्या उरलेल्या भागावर चाचणी घ्या.

एअरब्रशची बाजू

यात सगळं जमवायचं काम तुमच्याकडे येतं. बॉडीसाठी डबल ॲक्शन (एकाच कळीने हवा आणि रंग वेगवेगळे आवरता येणारा), वर कप असलेला, ०.३ मिलिमीटर नोझलचा एअरब्रश पुरतो. प्रायमर आणि क्लिअरला ०.५ चं नोझल सोयीचं. लॅकर रंग एक भाग, थिनर एक ते दीड भाग. कपाच्या काठावरून दुधासारखा ओघळला की तो बरोबर झाला. दाब १५ ते २० पीएसआय, अंतर आठ-दहा सेंटिमीटर. क्लिअरला थिनर दोन भागांपर्यंत वाढवून दाब २०-२५ ला न्यायचा. १० मिलीच्या एका बाटलीत एक बॉडी होते आणि थर कॅनच्या मानाने बारीक बसतो, त्यामुळे फटी शाबूत राहतात.

बिघाडाची चिन्हं ठरलेली आहेत. रंग थुंकल्यासारखा येतो तेव्हा तो जाड असतो किंवा सुईच्या टोकावर वाळलेला असतो. रंगाला कोळ्याच्या पायांसारखे फाटे फुटतात तेव्हा तो फार पातळ असतो किंवा हात फार जवळ असतो. कपात बुडबुडे येतात तेव्हा नोझल नीट बसलेलं नसतं किंवा चिरलेलं असतं. ०.३ च्या नोझलचे आटे पाना लावून आवळण्याइतके दणकट नसतात, बोटांच्या जोराने बसवलं की पुरे. सुईचं टोक एकदा वाकलं की फवारा एका बाजूला जातो, म्हणून सुई नेहमी मागून काढावी आणि मागूनच घालावी.

प्रत्येक रंगानंतर सफाईला पाच-दहा मिनिटं जातात. हार्डवेअरमधलं एनसी थिनर सफाईला उत्तम आणि स्वस्त आहे. रंग पातळ करायला मात्र ते वापरू नका, कारण तेही प्लास्टिक खातं. ज्यांना बसल्या बसल्या अर्ध्या तासात एक थर मारून उठायचं असतं, त्यांना ही सफाईच नकोशी होते, आणि न धुतलेला एअरब्रश तुंबून बसतो. स्वतःचा स्वभाव ओळखून ठरवावं.

कंप्रेसर आणि उद्यमनगर

बाजारात चार्जिंगवर चालणारे, पेनाएवढे एअरब्रश संच मिळतात. त्यांना टाकी नसते, हवा धडधडत येते आणि दाब कमी असतो. चाकांच्या रिम, चासी किंवा डॅशबोर्डला ते चालतील. बॉनेटवर सलग ओला क्लिअर टाकायला अपुरे पडतात, आणि ऑरेंज पील म्हणजे खडबडीत चमक हाती लागते. निदान तीन लिटरची टाकी, रेग्युलेटर आणि पाणी अडवणारा फिल्टर असलेला छोटा पिस्टन कंप्रेसर घ्यावा.

कोल्हापूरकरांची एक सोय इथे कामी येते. शिवाजी उद्यमनगर हा यंत्रकामाचा भाग असल्याने पाइप, फिटिंग, रेग्युलेटर यांच्यासाठी पार्सलची वाट बघावी लागत नाही. एअरब्रशच्या नळीला बहुतेक वेळा पाव इंचाऐवजी १/८ इंच बीएसपी (पाइपच्या आट्यांचं एक माप) आटे असतात, तेव्हा पाव ते १/८ चं ॲडॅप्टर मागा. रेग्युलेटर घेताना दुकानदार सवयीने एफआरएल युनिट पुढे करतो. त्यातल्या ‘एल’ म्हणजे ल्युब्रिकेटर हवेत मुद्दाम तेल सोडतो, कारण कारखान्यातल्या न्युमॅटिक सिलिंडरला ते हवं असतं. रंगाला ते विष आहे. तेलाचा अंश बसला की रंग तिथून मागे सरतो आणि गोल खळगे पडतात. फक्त फिल्टर आणि रेग्युलेटर घ्या. जुन्या फ्रिजच्या कंप्रेसरपासून केलेलं यंत्र शांत चालतं, पण तेही तेल फेकतं, म्हणून त्याला तेल अडवणारा वेगळा फिल्टर लागतो.

कोल्हापूरचा पाऊस आणि ऊस

खरा निकाल हवामान लावतं. लॅकरचं थिनर उडून जाताना पृष्ठभाग गार होतो. हवेत ओल असली की त्या गार पृष्ठभागावर बाष्प जमतं, रंगात अडकतं आणि चमक जाऊन पांढुरकी झाक येते. काळ्या आणि गडद लाल रंगावर ती ठळक दिसते. घाटाला लागून असल्याने इथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा सतत ओली असते, आणि उघडीप मिळाली तरी हवा लगेच कोरडी होत नाही. साधा डिजिटल आर्द्रतामापक घ्या. ६५ टक्क्यांच्या वर असेल तर क्लिअर मारू नका.

इथे कॅन उघडा पडतो. त्याचं थिनर ठरलेलं, वाळण्याचा वेग ठरलेला, तुमच्या हातात काहीच नाही. एअरब्रशला लेव्हलिंग थिनर किंवा रिटार्डर घालून रंग सावकाश वाळवता येतो, आणि लहानसा बूथ (वाफ बाहेर खेचणारं पंख्याचं खोकं) खोलीत ठेवून काम होतं. पावसाळ्याचे चार महिने हात थांबवायचा नसेल, तर एअरब्रशच्या बाजूने एवढं एक कारणही पुरेसं आहे. टाकीतलं पाणी मात्र पावसाळ्यात दर बैठकीनंतर खालच्या नळाने काढायचं, नाहीतर थेंब नळीतून थेट बॉनेटवर येतो. पांढरी झाक आलीच तर घाबरू नका. कोरड्या दिवशी लेव्हलिंग थिनरचा अगदी हलका फवारा दिला की ती बहुतेक वेळा निघते.

दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ कॅनसाठी सोन्यासारखा. तरी गच्चीवर रंगवणाऱ्यांनी जपावं: हाच गळिताचा हंगाम, आणि शिवारात पाचट पेटलं की काजळीचे काळे तुकडे वाऱ्याबरोबर दूरवर येतात. पांढऱ्या बॉडीवर असा एक तुकडा ओल्या क्लिअरमध्ये बसला की घासून काढण्यावाचून गत्यंतर नाही. रंगवून झाल्याबरोबर बॉडीवर प्लास्टिकचा डबा उपडा घालावा. एप्रिल-मेच्या दुपारी उलटा त्रास: थेंब हवेतच वाळतात आणि बॉडी भुरभुरीत लागते. तेव्हा सकाळी लवकर उरकावं, आणि वळवाचं आभाळ दिसलं तर हात आवरावा.

रंगांची निवड

एकसलग लाल, पांढरा, काळा: कॅन. दोन रंगांच्या जुन्या गाड्या: एअरब्रश. दसऱ्याच्या मिरवणुकीत संस्थानची मेबॅक पाहून जुन्या मोटारींकडे वळलेला माणूस फार दिवस एका रंगावर थांबत नाही. दोन रंगांच्या सीमेवर कॅनचा जाड थर मास्किंग टेपपाशी चढतो आणि टेप काढल्यावर बोटाला कड लागते. एअरब्रशने ती जवळजवळ जाणवत नाही.

मेटॅलिकमध्ये दोघांचे दोष वेगळे. कॅनचा थर फार ओला पडला की चंदेरी कण वाहून चट्टे पडतात. एअरब्रश फार लांबून धरला की पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत होतो. दोन्हीत मेटॅलिक थर घासायचा नाही, घासायचं ते वरचं क्लिअर. अल्क्लॅड या कंपनीच्या रंगासारखा आरशागत क्रोम चकचकीत काळ्या थरावर एअरब्रशनेच येतो. खिडक्यांच्या पट्ट्यांना मात्र बेअर-मेटल फॉइल (चिकट पाठीचा पातळ धातूचा पत्रा) सरस, आणि त्यासाठी दोन्हीची गरज नाही.

डिकल (पाण्यात भिजवून बॉडीवर चिकटवायची चित्रं आणि आकडे) असतील तर टीएस-१३ चा ओला थर एकदम देऊ नका, त्याने डिकल सुरकुततात. आधी दोन-तीन कोरडे थर, मध्ये अर्धा अर्धा तास. क्लिअर आठवडाभर वाळल्यावर ३००० च्या पेपरने पाणी लावून घासा, मग तीन टप्प्यांची पॉलिश कंपाऊंड वापरा. कडा आणि बॉनेटच्या उंच रेषांवर टेप लावून ठेवा, तिथून रंग आधी निघतो. लाल प्लास्टिकमध्ये आलेल्या किटला पांढरा रंग द्यायचा असेल तर मध्ये चंदेरी थर हवाच, नाहीतर आठवड्याभरात बॉडी गुलाबी पडते.

पैसा आणि जागा

कंप्रेसरसह साधा, चालण्यासारखा संच साधारण दहा-बारा कॅनच्या किमतीत बसतो. दर गाडीला दोन-सव्वादोन कॅन धरले आणि त्यातून एअरब्रशच्या रंग-थिनरचा खर्च वजा केला, तर आठ-दहा गाड्यांनंतर एअरब्रश स्वस्त पडू लागतो. वर्षाला दोन गाड्या करणाऱ्याला तो हिशेब पाच वर्षं लांब आहे. कॅन ज्वलनशील असल्याने विमानाने सहसा येत नाहीत. रस्त्याने यायला वेळ लागतो, म्हणून मागवताना रंग आणि क्लिअर एकत्रच मागवा.

कोणताही मार्ग घ्या, सेंद्रिय वाफा अडवणारे कार्बनचे कार्ट्रिज लावलेला मास्क हवाच. कापडी मास्क किंवा एन-९५ थिनरच्या वाफेला अडवत नाही. लगत स्वयंपाकघर असेल तर गॅस आणि देवापुढचा दिवा दोन्ही आधी बंद. कॅनमधला गॅसही पेट घेतो, म्हणून हवेच्या वाटेतच मोटर असलेल्या साध्या एक्झॉस्ट पंख्यासमोर बंद खोलीत कॅन मारू नये. कॅन असेल तर गच्ची किंवा मोकळी बाल्कनीच. गॅरेजमधलं टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून वापरायचं दोन भागांचं क्लिअर) कितीही मोहात पाडो, त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं. घरात ते नकोच.

पहिली गाडी असेल आणि दिवाळी जवळ असेल, तर एक प्रायमर, एक रंग, एक टीएस-१३ एवढेच कॅन घ्या. पुढच्या मिरगापर्यंत तीन गाड्या झाल्या आणि हात थांबवायला मन तयार नसेल, तर टाकीचा कंप्रेसर आणि ०.३ चा एअरब्रश घ्या. तोवर उरलेला कॅनही वाया जात नाही. तो छोट्या बाटलीत नळीने हळूहळू काढा, झाकण सैल ठेवून रात्रभर गॅस निघू द्या, आणि मग तोच रंग एअरब्रशने मारा. गॅस पूर्ण निघण्याआधी कपात ओतला तर तो फसफसून बाहेर येतो.