जॅकल आधी की रेव्हन?

भाच्याने परवा विचारलं, "मामा, सुपारी घेऊन खून करणाऱ्यावरचं एकच इंग्रजी पुस्तक वाचायचं तर कुठलं?" असं विचारणारे आणखीही असतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो. या विषयावर पुस्तकं भरपूर आहेत, पण माझ्या मनात गाडी दोनच नावांवर येऊन थांबते. फ्रेडरिक फोर्साइथची 'द डे ऑफ द जॅकल' (१९७१) आणि ग्रॅहम ग्रीनची 'अ गन फॉर सेल' (१९३६). पहिलीत जॅकल नावाचा मारेकरी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांची सुपारी घेतो, दुसरीत रेव्हन नावाचा मारेकरी एका मंत्र्याची. याहून जास्त कथा सांगत बसत नाही.

जॅकलची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. द गॉल १९७० साली आपल्या घरी वारले हे जगाला माहीत. म्हणजे सुपारी फसणार हे पहिल्या पानापासून ठरलेलं, तरीही छातीत धडधडतं. फोर्साइथ कथेच्या काळात, म्हणजे १९६२-६३च्या सुमारास, रॉयटर्स या वृत्तसंस्थेचा बातमीदार म्हणून पॅरिसमध्ये होता, आणि ती बातमीदाराची नजर पानोपानी जाणवते. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या जन्मदाखल्यावर पासपोर्ट कसा काढायचा, कुबडीत लपेल अशी रायफल कशी घडवून घ्यायची, आणि मग जंगलात खरबुजावर चेहरा रंगवून, ते झाडाला टांगून नेम कसा साधायचा. कारागिराला काम करताना बघत बसावं, तसा आनंद मिळतो. माझे साडू ही कादंबरी दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा काढतात. त्यांच्यापुढे रेव्हनचं नाव काढलं की म्हणतात, "तो फार रडका आहे हो." त्यांचं अगदीच चूक आहे असं मी म्हणणार नाही.

माझी अडचण वेगळी होती. माझी नोकरी शिफ्टची. वाचायला मिळतो तो अर्धा तास, तोही रोज मिळेलच असं नाही. जॅकल दोन दिवस खाली ठेवली की माझ्या हातून धागा सुटायचा. सुपारी देणारा रोदां, आणि सरकारच्या बाजूने त्याच्या टोळीच्या मागावर असलेला रोलां! दोघेही कर्नल. त्यात फ्रान्सची इतकी गुप्तहेर खाती, प्रत्येकाचं लांबलचक नाव, प्रत्येकाचा वेगळा साहेब. तीनदा मी मागे जाऊन पंचवीस-तीस पानं पुन्हा वाचली. माझी प्रत पस्तीवाल्याकडून घेतलेली, जुनी. तिच्या शेवटच्या कोऱ्या पानावर आधीच्या कुणा वाचकाने पेन्सिलने यादी केलेली सापडली. 'रोदां' खाली रेघ, 'रोलां' पुढे 'सरकारचा', आणि एका नावापुढे नुसतं प्रश्नचिन्ह. ती यादी पाहून मला फार हायसं वाटलं. म्हणजे हा त्रास माझ्या एकट्याचा नव्हता. सलग चार दिवस मोकळे असतील तर हे काहीच जाणवणार नाही, हेही खरं.

ग्रीनच्या पुस्तकाचं तसं होत नाही. ते बरंच लहान आहे, माणसं मोजकी, आणि रेव्हन एकदा भेटला की विसरता येत नाही. दुभंगलेला ओठ, लहानपणीच फासावर गेलेला बाप, आणि समोरच्याची नजर आपल्या ओठावर गेली का याचा अष्टौप्रहर संशय. कुठलंही पान उघडा, तुम्ही पुन्हा त्याच्याबरोबर थंडीत उभे असता.

कल्पनाही केवढी जबरदस्त! एका मंत्र्याच्या खुनाबद्दल त्याला दोनशे पौंड मिळतात, सगळे पाच-पाचच्या नोटांत, आणि त्या नोटा चोरीच्या निघतात. नंबर पोलिसांकडे आधीच पोचलेले. म्हणजे युरोप युद्धाच्या तोंडावर येईल असा खून त्याने केला, पण पोलीस त्याच्या मागे लागले आहेत ते त्याने न केलेल्या चोरीसाठी. आणि ज्याने पैसे दिले त्याच माणसाने त्याला फसवलेलं. हॅमेट-चँडलर या अमेरिकन गुन्हेकथाकारांच्या कादंबऱ्यांतलं ते कोरडं, कडक जग इथे नाताळच्या दिवसांतल्या इंग्लंडमधल्या एका कारखान्यांच्या गावात येऊन बसलं आहे.

रेल्वे यार्डातल्या शेडमध्ये, अंधारात, रेव्हन त्याच्याबरोबर असलेल्या ॲन नावाच्या तरुणीला आपल्या आईबद्दल सांगतो, ते प्रकरण मी नाइट शिफ्टहून परतताना कंपनीच्या बसमध्ये सुरू केलं. बडोद्यात सूरसागर तलावापाशी उतरलो तेव्हा सहा वाजून गेले होते, जानेवारीतला गारठा होता. घर पाच मिनिटांवर, दांडिया बाजारात. पण टपरीवर चहा घेतला आणि उभ्या उभ्या ते प्रकरण संपवलं. त्या माणसाने काय केलंय हे मला माहीत होतं, तरी ॲन आता काय करणार या काळजीने मी पानं उलटत होतो. जॅकल पकडला जावा की सुटावा, याबद्दल मला कधीच असं काही वाटलं नाही.

ग्रीनमध्ये दोष आहेत. ॲन नेमकी रेव्हनच्या मागावरच्या पोलिसाचीच वाग्दत्त वधू असणं, हा योगायोग जरा जास्तच झाला. पोलादसम्राट सर मार्कसच्या वर्णनात त्या काळातला ज्यूद्वेष डोकावतो, तो आज वाचताना खुपतो. भाषाही फोर्साइथइतकी सरळ नाही. त्याचं इंग्रजी वर्तमानपत्रासारखं धावतं, ग्रीनच्या एखाद्या वाक्यापाशी थांबावं लागतं.

तेव्हा ज्याला योजना, यंत्रं, कागदपत्रं आणि पाठलाग यांची गोडी आहे, आणि दिवाळीची सलग सुट्टी हाताशी आहे, त्याने बेलाशक जॅकल घ्यावी. तुकड्या-तुकड्यांनी वाचणाऱ्याला मात्र मी ग्रीनकडेच पाठवीन, आणि वेळ भरपूर असलेल्यालाही बहुधा तिकडेच. भाच्याला मी रेव्हन दिला आहे. जॅकलची ती पेन्सिलच्या यादीची प्रत कपाटात आहे, मागायला आला की तीही देईन.