अक्कलकोट रोडवरचा रेडियमवाला

मालाच्या गाडीला रेडियम करायचं असेल तर सोलापुरात अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या अलीकडं एक टपरीवजा दुकान आहे. नाव विचारू नका, त्याच्या स्वतःच्याच पाटीची अक्षरं उन्हानं उडाली आहेत. काम मात्र एक नंबर.

मी सोलापुरी चादरी-टॉवेल घेऊन पुण्याला जातो, बहुतेक रात्रीचाच. नवी गाडी घेतली तेव्हा आईची एकच अट होती, गाडीवर स्वामी पाहिजेत. अक्कलकोट इथून ४० किलोमीटरच्या आसपास. स्वामी १८५६-५७ च्या सुमारास तिथं आले ते १८७८ ला समाधी घेईपर्यंत तिथलेच झाले, म्हणून सोलापूरकरांना ते शेजारच्या घरातले वाटतात. मला समोरच्या काचेवर ठळक नाव हवं होतं. कारागीर सरळ नाही म्हणाला. "काच झाकली तर रस्ता कसा दिसंल भाऊ? स्वामी मागं बसवू. ते पाठीशीच असतात की."

मग मागच्या फाळक्यावर 'भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे' आलं. आधी फाळका थिनरनं लख्ख पुसला. मशीननं कापलेल्या अक्षरांमधला फालतू भाग चिमट्यानं एकेक करून उचलला. वेलांट्यांची टोकं मुद्दाम गोल ठेवली होती, टोकदार कोपरा धुताना आधी सुटतो म्हणे. पट्ट्याही चांगल्यातल्या लावल्या: पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल. जुन्या गाडीला दुसरीकडून फक्त पासिंगपुरती लावून घेतली होती, ती पहिल्याच पावसाळ्यात लोंबायला लागली.

थंडीत टेंभुर्णीच्या पुढं वायरिंग जळालं. एकही दिवा लागेना, त्यात धुकं. गाडी कशीबशी कडेला घेतली, त्रिकोण मागं लांब नेऊन ठेवला आणि रस्त्याखाली उतरून 'श्री स्वामी समर्थ' सुरू केलं. पाय लटपटत होते, ते हळूहळू थांबले. मागून एक लक्झरी आली आणि लांबूनच बाजूला झाली. ड्रायव्हर पुढं थांबून म्हणाला, "आधी लाल पट्टी चमकली, मग स्वामी दिसले." पट्टीनं वाचवलं की स्वामींनी, यावर घरात अजून वाद आहे. आई विचारते, तुला त्या दुकानात धाडलं कुणी? माझ्याकडं उत्तर नाही. पण अंधारात तोंडात नाव होतं म्हणून डोकं ठिकाणावर राहिलं, एवढं खरं.

आता तक्रारी. तासाभरात देतो म्हणतो आणि संध्याकाळ करतो. पैसे आधी ठरवून घ्या. स्वामींचा रंगीत फोटो लावू नका, ती प्रिंट आपल्या उन्हात टिकत नाही, अक्षरंच घ्या. आणि गुरुवारी दुपारनंतर जा, सकाळी पठ्ठ्या अक्कलकोटला गेलेला असतो.