मैत्रिणींच्या गटातून आलेला ‘खात्रीचा’ आंबेवाला

मागच्या आंब्याच्या हंगामात पुण्यातील आमच्या ओळखीच्या बऱ्याच घरांची एका आंबेविक्रेत्याने फसवणूक केली. प्रत्येक घराचे नुकसान काही हजारांचेच असल्यामुळे कोणी फारशी वाच्यता केली नाही. एवढ्याशा पैशांसाठी पोलिसांकडे काय जायचे, आणि ज्या मैत्रिणीने नाव सुचवले तिला उगाच कशाला दुखवायचे, असा विचार जो तो करत राहिला. त्या गप्प बसण्यावरच या माणसाचा धंदा पुढे चालला, म्हणून त्याची पद्धत येथे सविस्तर लिहीत आहे.

शाळेतल्या मैत्रिणींचा आमचा व्हॉट्सॲपवर एक गट आहे. कोणाच्या मुलीचे लग्न ठरले, कोणाच्या सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया कशी पार पडली, अशा घरगुती बातम्यांबरोबरच भाजणी नीट दळून देणारी गिरणी, वेळेवर येणारा प्लंबर, डब्याला चांगल्या पोळ्या देणाऱ्या काकू असे पत्तेही त्यात एकमेकींना दिले जातात. त्यावर सगळ्यांचा भरवसा असतो, कारण सांगणारीला त्यातून काही मिळायचे नसते. मार्चच्या अखेरीस गटातल्या एका मैत्रिणीने कापलेल्या आंब्याच्या केशरी फोडींचा फोटो टाकला आणि खाली लिहिले, “अस्सल देवगड. माणूस स्वतःच्या बागेतला माल घरपोच देतो. डोळे झाकून घ्या.” सोबत मोबाईल क्रमांक होता. संध्याकाळपर्यंत दोघीतिघींनी “आम्हीही मागवले” असे कळवले आणि त्यांतल्या एकीने तो संदेश आपल्या सोसायटीच्या गटावरही पाठवून दिला.

मी फोन केला तेव्हा पलीकडचा माणूस अतिशय अदबीने बोलला. “ताई, यंदा मोहोर उशिरा आला, पहिली तोड आत्ताच उतरली आहे, घाई करणार नसाल तर चांगले फळ देतो,” असे तो म्हणाला. माल खपवण्याची गडबड नसलेला बागायतदार असे बोलतो, अशी आपली समजूत असते. पाच डझनांच्या पेटीचे त्याने ४,००० रुपये सांगितले. आमच्या नेहमीच्या फळवाल्याकडे त्या आठवड्यात बरा हापूस हजार रुपये डझनाच्या खाली नव्हता, म्हणजे भाव कमी होता, पण शंका यावी इतका नाही. त्यानंतर त्याने खरा प्रस्ताव मांडला. अक्षय तृतीयेला भाव चढतात, तेव्हा एक पेटी आत्ता आणि एक त्या वेळेसाठी अशा दोन पेट्या आजच नोंदवून पूर्ण रक्कम भरली, तर दोन्ही याच भावाने मिळतील. पैसे भरताना मोबाईलच्या पडद्यावर भलत्याच माणसाचे नाव दिसले. विचारले तर म्हणाला, “मेव्हण्याचे खाते आहे ताई, बागेत रेंज नसते, हिशेब तोच बघतो.” उत्तर इतके तयार होते की हा प्रश्न त्याला पूर्वीही अनेकांनी विचारला असणार.

पेटी ठरल्या दिवशी आली. लाकडी पेटीवर तांबड्या शाईत ‘देवगड हापूस’ असा ठसा होता, वरचा थर भाताच्या पेंढ्यात नीट मांडलेला होता आणि त्यातली फळे वासावरूनच चांगली वाटत होती. दुसऱ्या थराखाली हात घातल्यावर मात्र पेंढा संपला आणि चुरगाळलेली वर्तमानपत्रे लागली. ती कन्नड होती. खालच्या थरांतली फळे लहान, टोकाकडे निमुळती आणि एकसारखी पिवळी होती. कोपऱ्यात कागदाच्या दोन पुड्या होत्या आणि त्यांतली करडी भुकटी ओलसर होऊन उग्र वास सोडत होती. त्यातले एक फळ कापले, तर वरून पूर्ण पिकलेल्या दिसणाऱ्या आंब्याचा गर फिकट होता आणि कोयीजवळ चक्क आंबट व दडदडीत लागत होता.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कर्नाटकातला हापूस वाईट असतो असे माझे मुळीच म्हणणे नाही. तो पुण्याच्या मार्केट यार्डात दर वर्षी उघडपणे येतो, आणि त्याच्या नावाने व त्याच्या भावाने विकला तर कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु २०१८ साली हापूसला जे भौगोलिक मानांकन मिळाले, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या फळाला आहे, आणि देवगडच्या नावाला जो चढा भाव मिळतो, तो देऊन आपण दुसराच माल घरी आणत असू तर ती सरळ लबाडी आहे. देवगडचे बागायतदारही या भेसळीला कंटाळले आहेत. त्यांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून प्रत्येक फळावर स्वतंत्र सांकेतिक क्रमांकाचा स्टिकर लावण्याची व्यवस्था सुरू केली, ती त्यासाठीच. आमच्या पेटीतल्या एकाही फळावर असे काही नव्हते. भुकटीची गोष्ट तर याहून गंभीर आहे. ती कॅल्शियम कार्बाइडच होती असे तपासणीशिवाय कोणी सांगू शकणार नाही, पण दमट होताच वायू सोडणाऱ्या अशा पुड्या फळांत ठेवण्याची चाल जुनी आहे, आणि कार्बाइडने फळे पिकवण्यावर अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार बंदी आहे. मान्यता आहे ती इथिलीन वायूला, तीही ठरवून दिलेल्या मर्यादेत.

मी फोटो पाठवून विचारल्यावर विक्रेत्याने आवाज जराही चढवला नाही. हमालाने पेटी बदलली असेल, अक्षय तृतीयेच्या पेटीत दोन डझन जास्त भरून देतो, असे त्याने सांगितले. नुकसान भरून देण्याचे हे आश्वासन ज्या दुसऱ्या पेटीवर टाकले होते, ती कधीच आली नाही. सणाच्या आदल्या दिवसापर्यंत “गाडी निघाली आहे” असे संदेश येत होते. सणाच्या दिवशी फोन बंद होता, आणि नंतर लक्षात आले की त्याने आम्हा सगळ्यांना ब्लॉक केले आहे.

तेव्हा आम्ही एकमेकींना सविस्तर विचारायला लागलो आणि जे समोर आले ते मला आंब्यांपेक्षा महत्त्वाचे वाटते. गटात “आम्हीही मागवले” असे लिहिणाऱ्या मैत्रिणींनी त्या क्षणी फक्त पैसे भरले होते, आंबा कोणी चाखलाही नव्हता. सोसायटीच्या गटावर तो संदेश गेला तेव्हा वर “माझ्या मैत्रिणींनी घेतले आहेत, उत्तम आहेत” अशी ओळ जोडली गेली, आणि तेथून पुढे तो आणखी कोणाच्या नणंदेकडे गेला तोवर “आम्ही दर वर्षी यांच्याकडूनच घेतो” इथपर्यंत मजल गेली. या साऱ्या साखळीत खरे देवगडचे फळ खाल्लेली एकच व्यक्ती होती, ती म्हणजे फोटो टाकणारी आमची पहिली मैत्रीण. तिची पेटी खरोखर उत्तम होती, आणि ती तशी असणे हा त्या माणसाच्या धंद्यातला भांडवली खर्च होता. ज्यांची ओळख दांडगी आहे, ज्या सांगितल्याशिवाय राहत नाहीत, अशा मोजक्या घरांत तो चांगला माल पोहोचवत असे.

त्याहूनही अवघड भाग पुढे आहे. “तुमच्या नावाने जितक्या पेट्या जातील, त्या प्रत्येकीमागे तुम्हाला एक डझन माझ्याकडून भेट,” असे त्याने तिला सांगितले होते. तिने ते आम्हाला सांगितले नव्हते. तिच्या मनात कपट नव्हते, हे मी खात्रीने सांगू शकते. आवडलेल्या गोष्टीबद्दल ती फुकटातही तेवढ्याच उत्साहाने बोलली असती. पण ती भेट आधी कळली असती, तर “डोळे झाकून घ्या” हे शब्द आम्ही वेगळ्या कानांनी ऐकले असते. जाहिरातींतून वस्तू सुचवणाऱ्यांनी विक्रेत्याशी असलेला आर्थिक संबंध उघड करावा, असे केंद्र सरकारच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. नामवंत मंडळींनी तो उघड करावा अशी आपण अपेक्षा करतो, मग घरच्या गटात तो विषय काढणे आपल्याला चोंबडेपणाचे का वाटते, हे मला कळत नाही. “तू स्वतः खाल्लेस का, पैसे आधी दिलेस की नंतर, आणि तुला यात काही सूट मिळते का” हे विचारायला एक मिनिट लागते. खऱ्या मैत्रिणीला त्याचा राग येण्याचे कारण नाही.

तक्रारीचा अनुभवही सांगण्यासारखा आहे. ऑनलाइन दिलेल्या पैशांच्या फसवणुकीसाठी १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आहे. तेथे व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि ज्या खात्यात पैसे गेले त्याचा तपशील विचारतात, म्हणून पावतीचा फोटो आणि विक्रेत्याशी झालेले संभाषण पुसून टाकू नये. ब्लॉक झाल्यावर संताप अनावर होऊन सगळे संभाषण उडवायला निघालेल्या एका मैत्रिणीला मी वेळीच थांबवले. ही यंत्रणा मुख्यतः वेगावर चालते, कारण पैसे त्या खात्यात असेपर्यंतच ते गोठवता येतात. आमच्या बाबतीत पैसे भरणे आणि फसवणूक उघड होणे यांत कित्येक आठवडे गेले होते आणि तोवर खाते रिकामे झाले होते. आगाऊ नोंदणीचा आग्रह त्याने कशासाठी धरला होता, याचा उलगडा मला तेथे झाला. निकृष्ट मालाबद्दल आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवली, परंतु विक्रेत्याचे खरे नाव आणि पत्ता कोणाकडेच नसल्याने ती पुढे सरकलेली नाही.

एक गोष्ट मात्र उपयोगी पडली. आमच्या पहिल्या मैत्रिणीने, कोणी भरीस न घालता, झालेला सगळा प्रकार गटावर लिहिला. आपल्याला किती डझन भेट मिळाले हेही तिने लपवले नाही, आणि मूळ संदेश जेथे जेथे गेला होता तेथे तेथे हा नवा संदेश पाठवण्याची सर्वांना विनंती केली. तो पिंपरीतल्या एका बाईंपर्यंत पोहोचला. त्यांनी त्याच सकाळी हंगामाच्या शेवटच्या पेटीसाठी दुसऱ्याच नावाच्या खात्यात पैसे भरले होते. त्यांनी लगेच १९३० वर फोन केला आणि त्यांची रक्कम त्या खात्यातच रोखून धरल्याचे बँकेने त्यांना कळवले. ती परत मिळवण्याची कागदपत्रांची प्रक्रिया अजून सुरू आहे.